सायकलीला टांगलेले बूट

दादाने बूट काढले, नाड्या आत खोचल्या आणि ते पायरीवर शेजारी शेजारी ठेवले. मोजे न काढताच तो बसून राहिला.

खाली मैदानावर दुसऱ्या शाळेची मुलं कप डोक्यावर घेऊन नाचत होती. कुणीतरी हलगी आणली होती. मी दादापासून दोन पायऱ्या वर बसले होते. मांडीवर लिंबाच्या फोडींचा डबा होता. मध्यंतरात मुलांना द्यायला आई घरून फोडी कापून द्यायची. त्या दिवशी निम्म्या उरल्या होत्या. मी आठवीत होते, दादा दहावीत.

आमच्या संघातल्या मुलांचे कपडे बदलून झाले होते, तरी कुणी निघत नव्हतं. पिशव्यांशी उगाच खेळत, नळावर पुन्हा पुन्हा तोंड धूत सगळे रेंगाळत होते. बाबा काय करतात ते त्यांना बघायचं होतं. मलाही.

बाबा आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे आणि फुटबॉलचा संघ तयार करायचे. कोल्हापुरात पोरांना खेळवावं कसं याबद्दल पानवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाचं मत असतं. बाबांची पद्धत सगळ्या पेठेला माहीत होती आणि निम्म्या पेठेला ती पटत नसे. सामना सुरू झाला की बाबा बोलायचे नाहीत. मिटलेली छत्री गुडघ्यांत धरून बाकावर बसून राहायचे. ओरडून पाय हलत नाहीत, म्हणायचे. सांगायचं ते आठवडाभर सांगून झालंय. आणि हरल्यावर त्या दिवशी चुकीबद्दल एक अक्षर काढायचं नाही, असा त्यांचा नियम होता. चूक सोमवारची. सोमवारी सरावाला तोच चेंडू त्याच जागी ठेवायचा, सगळ्यांनी आळीपाळीने तिथे उभं राहायचं, आणि ती चूक कुणा एकाची उरत नाही तोवर खेळत राहायचं.

सामन्याची संध्याकाळ मात्र निराळी असे. ज्याच्या हातून सामना गेला, त्याचे बूट बाबा उचलायचे. नाड्यांची एकमेकींना गाठ मारून ते आपल्या सायकलीच्या हँडलला टांगायचे. मग सायकल हातात धरून त्या मुलाबरोबर चालत निघायचे. पेठेच्या तोंडाशी दूध कट्टा होता. संध्याकाळी गवळी तिथे म्हशी आणून बांधायचे आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात द्यायचे. बाबा त्या मुलाबरोबर उभ्याने एकेक ग्लास प्यायचे. बोलणं म्हशीचं, पावसाचं, मास्तरांच्या चष्म्याचं, कशाचंही; सामन्याचं नाही. मग त्याला त्याच्या दारापर्यंत सोडायचे आणि त्याच्या आईला सांगायचे, "चांगला खेळतो तुमचा पोरगा. जेवायला घाला."

संघातला बंडा साळोखे तर म्हणायचा, सरांबरोबर दूध प्यायला मिळत असेल तर मी दर आठवड्याला चुकतो.

त्या दिवशी जिंकलेल्या शाळेचे घाटगे सर हे बाबांचे तालमीतले जुने जोडीदार. दोघे एका संघातून खेळलेले. त्यांची रीत उलटी. हरल्यावर ते मुलांना कान धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावत आणि घरी जाऊन जेवायचं नाही म्हणून दम भरत. हरलेल्याला भूक लागली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बाबा भेटले की ते चिडवायचे. "इंगवले, तू पोरांना दूध पाजतोस, मी पाणीसुद्धा देत नाही. आता बघ, कप कुणाच्या कपाटात आहे." बाबा हसायचे. घाटगे सरांच्या हातचा चहा प्यायचे आणि आपलंच करायचे.

दादा गोलकीपर होता. चांगला होता, हे मी बहीण म्हणून नाही, अशपाक मुजावर म्हणायचा म्हणून सांगते. अशपाक संघाचा नेहमीचा कीपर. दादा दोन वर्षं त्याच्यामागे बाकावर बसला. अशपाक बाबांना दोनदा म्हणाला होता, सर, एखादा सामना त्याला द्या की. बाबा म्हणाले, बघू. सरांनी स्वतःचा पोरगा घुसवला असं कुणी म्हणायला नको, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मैदानावर दादाने त्यांना 'सर' म्हणायचं असं ठरलेलं होतं. सुरुवातीला एकदा तो चुकून "बाबा, इकडं" म्हणाला, तेव्हा बाबांनी मान वळवली नाही. "सर" म्हटल्यावर वळवली. दादा पुन्हा चुकला नाही. मैदानातून घरी येतानाही पेठेच्या तोंडापर्यंत 'सर' आणि पुढे 'बाबा' असं तो करायचा, आणि आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नसे.

अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात अशपाकला कावीळ झाली. दादा उभा राहिला.

पूर्वार्धात त्याने दोन गोल वाचवले. एक तर असा, की घाटगे सरांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला. पायऱ्यांवरून कुणी म्हणालं, अरे हा कुठं होता इतके दिवस. मी बाबांकडे बघितलं. ते छत्रीच्या मुठीकडे बघत होते.

शेवटच्या मिनिटांत लांबून एक उंच चेंडू आला. मारणाऱ्यानेही तो गोल म्हणून मारला नसावा. दादा दोन पावलं पुढे आला, त्याने चेंडू छातीशी घेतला, आणि तो त्याच्या हातांखालून निसटून, पायांमधून हळूहळू मागे गेला. इतका हळू, की दादाला वळून बघायला वेळ मिळाला. धावायला नाही.

मग हलगी.

म्हणून तो आता बूट काढून बसला होता.

बाबा घाटगे सरांशी हात मिळवून, पंचांना नमस्कार करून, जाळी काढणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलून आले. सायकल त्यांनी पायऱ्यांखाली लावलेली होती. ते दादासमोर येऊन उभे राहिले. दादाने वर बघितलं नाही. फक्त बूट बोटभर पुढे सरकवले.

बाबा वाकले. त्यांनी बूट उचलले, नाड्या बाहेर काढल्या आणि गाठ मारायला लागले. नेहमीची दुहेरी गाठ. बंडा माझ्या शेजारी उभा होता, त्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून आवाज आला. "पाजा सर, आता घरच्या वासराला दूध पाजा."

हसणं पसरलं. फार नाही. दहा-पंधरा माणसं असतील. कोल्हापूरच्या मैदानावर याहून कितीतरी वाईट बोलतात.

बाबांनी वर बघितलं. बूट त्यांच्या हातात लोंबत होते. मग ते दोन पायऱ्या चढून माझ्याकडे आले आणि त्यांनी बूट माझ्या मांडीवर, डब्यावर ठेवले.

"वृषा, घेऊन जा त्याला घरी," ते म्हणाले. "मला जरा काम आहे."

मुलं पांगली. बंडा दादाजवळ आला. त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

आम्ही निघालो. दादा पुढे, चपला फरफटत. मी त्याच्या थोडी मागे, एका हातात डबा, दुसऱ्या हातात बूट. बूट जड होते. कसं धरायचं ते कळेना, म्हणून मी ते शेवटी गळ्यात टाकले. दिवे लागायची वेळ होती. भांड्यांच्या दुकानात माल आत घ्यायची गडबड चालली होती. तिथल्या वळणावर मी सहज मागे बघितलं.

रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने बाबा येत होते. सायकल हातात धरून. आमच्या चालीने.

मी थांबले तसे ते थांबले. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. सांगू नकोस, असं. मी पुन्हा चालायला लागले. मागे सायकलीच्या चाकाची टिकटिक सुरू झाली. जुनी सायकल होती, हातात धरून ढकलली की मागचं चाक टिकटिक करायचं. आमच्या घरात ती सगळ्यांना ओळखीची होती. आई त्या आवाजावर भात वाढायला घ्यायची.

कट्ट्यावर गर्दी होती. तुका गवळी धार काढत होता. त्याने आम्हाला बघितलं, माझ्या गळ्यातले बूट बघितले आणि दादाकडे बघून विचारलं, "आज सर न्हाईत व्हय?"

दादा चालतच होता.

मी म्हटलं, "दादा, दूध पिऊया का?"

मागे, रस्त्यापलीकडे, खट् असा आवाज झाला. सायकल स्टँडवर लावल्याचा. मी तिरक्या डोळ्यांनी बघितलं. बाबा एका बंद दुकानासमोर सायकल लावून, सीटवर हात ठेवून उभे होते. मधून बैलगाडी गेली, एक रिक्षा गेली. रस्ता काही फार रुंद नव्हता.

"नको," दादा म्हणाला. आणि तो थांबला नाही. त्याच चालीने कट्टा ओलांडून पुढे गेला. मी त्याच्यामागे धावले. थोड्या वेळाने पुन्हा खट् झालं, आणि मग टिकटिक, पण आता ती खूप मागे होती.

आई दारातच होती. तिने दादाकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या बुटांकडे बघितलं आणि आमच्या मागे कुणी आहे का म्हणून बघितलं. ती सगळ्या पेठेतल्या आयांसारखीच होती. तिलाही तो नियम माहीत होता. दारात कुणीतरी तिला एक वाक्य सांगायचं होतं. माझ्याच्याने झालं नाही. चौदा वर्षांच्या मुलीने ते सांगून चाललंही नसतं.

"हे कुठं आहेत?" तिने विचारलं.

"येतायत," मी म्हटलं.

बाबा काही वेळाने आले. पाय धुतले. हरलो, असं आईला सांगितलं. आईने मटण केलं होतं. सगळे जेवलो. दादाही जेवला, नेहमीसारखा, पानात काही न टाकता.

सोमवारचं मला बंडाने नंतर सांगितलं. बाबांनी सरावाला सगळं घेतलं. बंडाने डावीकडे दिलेला चुकीचा पास घेतला, कुणाची तरी धाव उशिरा सुटली होती ती घेतली. दादा गोलात उभा राहून त्या उंच चेंडूची वाट बघत होता. तो चेंडू बाबांनी कुणाला मारायला सांगितला नाही. सराव संपला. मंगळवारपासून दादा गेला नाही. बाबांनी विचारलं नाही. दहावीचं वर्ष होतं, सगळ्यांना ते पुरेसं कारण वाटलं.

भांडण असं कधी झालं नाही. दादाने डिप्लोमा केला, त्याला भरूचला रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली, तिथेच त्याने घर केलं. गणपतीला तो यायचा. बाबांच्या पाया पडायचा. दोघे पेपर वाटून घेऊन वाचायचे. खेळाचं पान बाबा आधी वाचून त्याच्यापुढे सरकवायचे आणि दादा ते घडी करून बाजूला ठेवायचा. त्याच्या मुलांना फुटबॉल येत नाही.

बाबा निवृत्त झाले, तरी हरलेली मुलं त्यांना भेटायला यायची. ते मुलांना घेऊन कट्ट्यावर जायचे. सायकल विकली होती. बूट हातात धरून जायचे. वयाने बूट जड वाटायला लागले तेव्हा मुलं स्वतःच धरायची.

ते जायच्या आधीच्या वर्षी मी एकदा दुपारी त्यांच्याकडे गेले होते. टीव्हीवर परदेशातला सामना चालला होता. कीपरच्या हातून चेंडू सुटला. सामना संपल्यावर त्यांचा कोच मैदानात आला आणि त्याने त्या पोराला सरळ मिठी मारली. बाबा बघत राहिले. मी आवाज कमी केला.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही रस्ता का ओलांडला नाही?"

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही.

"बाकीची पोरं काय म्हणाली असती," ते म्हणाले.

"काय म्हणाली असती?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, त्यांच्या कपाळावर तो दिसत होता.

"काही म्हणाली नसती," ते म्हणाले. मग रिमोट हातात घेऊन उगाच बटणं चाचपत म्हणाले, "मला वाटलं, तो कट्ट्यापाशी थांबेल. थांबला असता तर मी आलो असतो. सायकल लावली होती मी."

"माहीत आहे."

"थांबला नाही."

त्यानंतर आम्ही जाहिराती बघितल्या.

बाबा माघात गेले, पहाटे, चहा पिऊन झाल्यावर. दादाला कळवलं. तो भरूचहून गाडी करून तडक निघाला. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं. दिवसभर माणसं येत होती. ज्यांना मी शाळेच्या अर्ध्या चड्डीत बघितलं होतं ती आता पन्नाशीची झालेली, पोट सुटलेली, डोळे पुसत उभी होती. घाटगे सरांना दोघांनी धरून आणलं. ते बाबांच्या उशाशी बसून राहिले. मी कप विसळत होते. कप संपले की पुन्हा भरायचे, पुन्हा विसळायचे. रडावं असं मला वाटत होतं, पण ते कुठून सुरू करतात ते आठवत नव्हतं.

दादा आला तेव्हा उन्हं उतरली होती. त्याने बाबांना बघितलं, आईजवळ बसला, मग मागच्या दारी नळावर तोंड धुवायला आला. मी तिथेच होते. त्याला टॉवेल दिला. बाहेर तिरडी बांधायची गडबड ऐकू येत होती.

मी म्हटलं, "दादा, त्या फायनलच्या दिवशी बाबा आपल्या मागून येत होते. घरापर्यंत."

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. कान पुसले.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"सायकल वाजत होती की."

मी कपबशी तशीच हातात धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

"स्टँड लावल्याचंही ऐकलं," तो म्हणाला. "मला वाटलं, आता येतील. म्हणून मी हळूच चालत होतो, वृषा. धावलो असतो तर गोष्ट वेगळी. मी हळूच चालत होतो."

"ते म्हणाले, तो थांबेल असं वाटलं होतं. थांबला असता तर आलो असतो."

"कधी म्हणाले?"

"मागच्या वर्षी."

त्याने टॉवेलची नीट घडी केली आणि ती माझ्या खांद्यावर ठेवली. आतून कुणीतरी त्याला हाक मारली.

आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. मी गेले. कुणी अडवलं नाही. खांद्याला बंडा होता, अशपाक होता, त्याची दाढी पांढरी झालेली, आणि मागे दोघे नंतरच्या संघांतले. दादा सगळ्यांच्या पुढे, विस्तवाचं मडकं शिंकाळ्यात धरून. अनवाणी. भटजींनी त्याला निघतानाच सांगितलं होतं, आता मागे वळून बघायचं नाही.

पेठेतून बाहेर पडायचा रस्ता एकच. दादा पुढे चालत होता, बाबा मागून येत होते. मी बाजूने चालत ते बघत होते. दोघांमध्ये अंतर तेवढंच होतं.

कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या होत्या. तुका गवळी कधीच गेला. त्याचा मुलगा धार काढत होता. आम्हाला बघून तो उठला आणि हात पुसत उभा राहिला.

दादा थांबला.

मागचे सगळे अडखळले. "विसावा पुढं आहे," भटजी म्हणाले. "चला, चला."

दादा वळला. मागे बघितलं त्याने, सरळ. कुणीतरी म्हातारं माणूस "अहो, बघू नका" म्हणालं.

"इथं ठेवा जरा," दादा म्हणाला.

बंडाने अशपाककडे बघितलं आणि दोघांनी गुडघे वाकवले. मागच्या दोघांनीही. या चौघांना कट्टा म्हणजे काय ते कुणी सांगायची गरज नव्हती. तिरडी रस्त्यावर टेकली. दादा चार पावलं मागे आला आणि बाबांच्या शेजारी उभा राहिला. मडक्यातून धूर निघत होता. पलीकडच्या बाजूला, जिथे ते बंद दुकान होतं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. त्यातली मुलं बाहेर येऊन बघत होती. गवळ्याच्या हातातल्या ग्लासातला फेस बसत चालला होता.

एक ग्लास दूध प्यायला लागतो तेवढा वेळ गेला असेल.

"उचला," दादा म्हणाला.

भटजींनी त्याला हाताने पुढे व्हायची खूण केली. तो पुढे गेला नाही. त्याने मडकं डाव्या हातात घेतलं, उजवा हात बांबूवर ठेवला, आणि घाटापर्यंत बाजूनेच चालत गेला.